गपक्याचा समुद्र

गपक्या माझ्याच हातून झाला. दूरच्या एका ग्रहावरच्या समुद्रात तो राहतो. डोळे नाहीत, पण पाण्यात कुणी पाय टाकला की दुसऱ्या टोकाला त्याला कळतं आणि तो येऊन गपकन गिळतो. धाकट्या भावाच्या सहा वर्षांच्या लेकीनं मे महिन्यातल्या दुपारी उन्हात जाऊ नये, कूलरसमोर पडून राहावं, एवढ्यासाठी मी तो सांगितला.

समुद्र मी पाहिला नव्हता. पिपरी मेघेत बसून कुठून पाहणार? म्हणून वडनेरची आमच्या शेतातली विहीर घेतली आणि मोठी केली. तिथं शेजाऱ्यानं मोटर लावली की आमचं पाणी उतरतं, झरे खालून एकच. तेव्हा मी ठोकून दिलं, सगळ्या ग्रहांचे समुद्र खालून जोडलेले असतात, आपल्या वडनेरच्या विहिरीसारखे. सांगताना मी स्वतःला फार हुशार वाटलो होतो.

जूनमध्ये भावाची बदली कोकणात झाली. घर समुद्राला लागून. पोरगी बॅगच भरू देईना.

"दादा, तूच भरवलं तिच्या डोक्यात, तूच काढ आता," भाऊ म्हणाला.

मी गपक्याला मारायला बसलो. भाला मारला.

"मोठेबाबा, भाला नाई लागत त्याले. लोखंडाची कातडी हाय, तुम्हीच सांगतलं."

"मग म्हातारा होऊन मेला."

"तो मरत नाई. तेही तुम्हीच सांगतलं."

"अवं, खोटं होतं सगळं!"

तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मले भेव वाटू नये म्हणून असं बोलून राह्यले तुम्ही."

शेवटी त्यांना सोडायला मीही गेलो. संध्याकाळी किनाऱ्यावर ती कोरड्या वाळूत उभी. "तुम्ही जा आधी."

पायजमा वर करून गेलो. लाट आली, घोट्यापर्यंत चढली, छान वाटलं. मी वळून तिला हात केला. तेवढ्यात लाट परत फिरली आणि पायाखालची वाळू कुणीतरी ओढून नेली. विहिरीत असं होत नाही. "अवं माय!" म्हणून मी जो पळालो, तो थेट तिच्यामागे जाऊन उभा राहिलो.

भाऊ हसता हसता खाली बसला. ती हसली नाही. तिनं फ्रॉकनं माझे पाय पुसले आणि बोटं मोजून पाहिली.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी होती. तिला त्या समुद्राशेजारी ठेवून मी निघालो, तर दारातून तिनंच बजावलं, "वडनेरच्या विहिरीत पाय टाकू नका हं, मोठेबाबा."