झाडलेलं अंगण

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या आमच्या बेटावरच्या नेटा केपर्सला दोन गोष्टींची भीती वाटायची. एक सापाची आणि दुसरी लोक काय म्हणतील याची. दोन्हींवर तिच्याकडे औषध एकच, खराटा.

रानातल्या झुडपाच्या फांद्या आणायच्या, चिंधीने आवळून बांधायच्या आणि दर शनिवारी दारापासून कुंपणापर्यंत सगळं अंगण झाडून काढायचं. गवताचं पातं दिसलं की उपटलंच म्हणून समजा. तिचं अंगण म्हणजे नुसती करडी, घट्ट माती आणि तिच्यावर खराट्याच्या रेघा. तिची आई असंच झाडायची, आजीही. आम्ही सगळ्याच झाडतो, पण मी कोपरे सोडते, आणि त्यावरून तिने मला जन्मभर बोलून घेतलं. "डोशा, तुझ्या अंगणात कोंबडी हरवली तर रविवारपर्यंत सापडायची नाही." मी तिची चुलत बहीण, ओढ्यापलीकडे राहते, तेव्हा ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तिचं आयुष्य सांगावं तर चार वाक्यांत संपेल. कालवं सोलायच्या कारखान्यात तिने बोटं फाटेस्तोवर काम केलं. नवरा हेझकाया समुद्रावर गेला तो परत आला नाही. मुलगा दूर न्यूअर्क शहरात, नाताळात फोन करतो, तोही माझ्याकडे, कारण नेटाने घरात फोन कधी घेतलाच नाही. उरलं ते घर. गुलामगिरी संपली, मालकाचा कापसाचा मळा तुकड्यातुकड्यांनी विकायला निघाला, तेव्हा तिच्या पणजोबांनी यातला एक तुकडा घेतला आणि ज्या मातीत चाबूक खाल्ला त्याच मातीत घर बांधलं. नेटा त्याच घरात जन्मली.

आणि आता त्या घरावरून रस्ता जाणार होता. बेटाच्या टोकाला मोठं हॉटेल झालं होतं, तिथल्या पाहुण्यांना आमच्या अरुंद वाटेचा त्रास होत होता. कायदा असा की रस्ता काढण्याआधी जमीन तपासायची. जुन्या वस्तीच्या मोलाच्या खुणा सापडल्या तर रस्ता वळवायचा. नाही सापडल्या तर घरमालकाला मोबदला द्यायचा आणि बुलडोझर आणायचा.

तपासणारी माणसं आली. त्यांनी गुलाबी झेंड्या रोवल्या, ओळीने खड्डे खणले, माती चाळणीतून चाळली. मालकाच्या पडक्या वाड्यापाशी त्यांची चंगळ झाली. निळ्या नक्षीच्या बशांचे तुकडे, दारूच्या बाटल्या, पितळी गुंड्या, काय नि काय. नेटाच्या अंगणात मात्र प्रत्येक खड्ड्यातून निघाली नुसती स्वच्छ माती.

त्यांचा मुख्य माणूस सभ्य होता, टोपी काढून बोलला. "मिस केपर्स, इथं जुनं काही दिसत नाही. वस्ती अलीकडचीच असावी."

"माझे बाबा या घरात जन्मले," नेटा म्हणाली.

"असेल ना. पण मातीत तसं काही नाही."

माझं डोकंच फिरलं. शोधता आलं नाही ते नाहीच, वर अंगणाला दोष! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. ज्यांनी जन्मात खराटा हातात धरला नाही त्यांच्या खुणा ढिगाने सापडल्या, आणि ज्यांनी त्यांचं घर झाडून मग स्वतःचंही झाडलं, ती माणसं म्हणे इथं नव्हतीच.

तेव्हापासून नेटाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दूरवर ट्रकचा आवाज आला की ती हातातलं टाकून दाराशी यायची. मी कोळंबी घालून भात न्यायचे, तो ताटात तसाच राहायचा. काळजी वाढली तशी ती रोज झाडायला लागली. शनिवार नाही, रविवार नाही, चर्चला जायच्या कपड्यांवरसुद्धा.

"अगं, बस कर," मी ओरडले. "झाडून झाडूनच तर ही वेळ आली!"

"मग काय करू? घाणीत बसून वाट बघू?"

मग एक दिवस माझ्याकडे फोन आला. त्याच तपासणीतली जोसलिन नावाची मुलगी बोलत होती. आमच्यातलीच, पण बेटाबाहेरची, आत ऑरेंजबर्गकडची. नेटाच्या अंगणाची नोंद वाचून तिला काहीतरी खटकलं होतं.

"मॅम, मिस केपर्स अंगण झाडतात का?"

"झाडते? पोरी, ती झाडता झाडता जमिनीतून आरपार चीनपर्यंत पोचेल."

ती हसली. "माझी आजीही झाडायची. मला एवढंच सांगा, झाडलेलं टाकतात कुठं?"

"ओकच्या झाडामागे. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच."

"मी गुरुवारी येते. तोवर तिथं कुणी हात लावू नका."

मी फोन ठेवला आणि ओढा ओलांडून पळतच गेले. किती दिवसांनी मला हसू आलं होतं. "नेटा, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, ते तुझ्याच उकिरड्याचे फिटतायत बघ! तिथं हात लावू नकोस, ती मुलगी तोच बघायला येतेय."

नेटाचा चेहरा उतरला. "उकिरडा? माझा उकिरडा बघायला?"

"अगं, जे झाडलं गेलं ते सगळं तिथंच असणार. घर वाचेल तुझं."

"डोशा, बाबा चर्चमध्ये डीकन होते, चर्चचे मानकरी." तिने आवाज खाली आणला, जणू बाबा आतल्या खोलीतच होते. "त्यांच्या दारूच्या बाटल्या आहेत तिथं."

"त्यांना जाऊन जमाना झाला! आणि सगळ्या बेटाला ठाऊक होतं ते."

"सगळ्या बेटाला?" ती मटकन खाली बसली. तेवढं मी बोलायला नको होतं हे खरं, पण घर जातंय आणि ही बाटल्या मोजतेय, याचा मला राग आला होता. शेवटी तिने मान हलवली, आणि मी घरी गेले.

गुरुवारी सकाळी भाताचं पातेलं घेऊन आले तर ओकमागची जागा लख्ख. उकिरडा नव्हताच. माती सारखी केलेली आणि वर खराट्याच्या रेघा. चर्चमधल्या कुणाचा तरी ट्रक बोलावून तिने सगळं गावाबाहेरच्या कचऱ्यात टाकून दिलं होतं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी पातेलं पायरीवर आदळलं.

"पाहुणी येणार होती," नेटा म्हणाली. "मला झोपच येईना, डोशा. वाटलं, ती बघणार आणि म्हणणार, केपर्सांचं घर हे असं. मग ट्रक निघून गेला आणि मला कळलं मी काय केलं ते."

मला तिला झोडपावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. जोसलिनची गाडी वळणावर दिसली तेव्हा नेटाने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

मी सगळं सांगून टाकलं. जोसलिनने डोळे मिटले. मग ती ओकमागे गेली, खुरप्याने माती खरवडली, परत आली, अंगणाच्या कडेला उकिडवी बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. आमच्याकडे नव्हे, आमच्या पायांखाली.

"मिस नेटा, ही खालची पायरी नंतर बसवली का?"

"बाबांनी. आधी आजोबांनीही एक बसवली होती. बाबा म्हणायचे, घर दर पिढीला उंच होतंय."

जोसलिनने रानाच्या कडेपासून पलीकडच्या रानापर्यंत दोरी ताणली. मधे अंगण बशीसारखं खोल गेलेलं. घराच्या विटांच्या खांबांचे पायथे, जे मुळात जमिनीत गाडलेले असतात, ते उघडे पडले होते.

"घर उंच नाही झालं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जमीन खाली नेलीत. तुम्ही, तुमच्या आईने, आजीने. एवढं झाडायला एका माणसाचा जन्म पुरत नाही. आणि ओकमागे वरचं गेलंय, तळाचं आहे." तिने मूठ उघडली. तिच्या हातात मातीच्या चिलमीचा तुकडा आणि एक निळा मणी होता. "गुलामगिरीच्या काळातलं आहे हे."

नेटा रडली नाही. तिने विचारलं, "बाटल्या?"

"एकही नाही, मॅम."

तरी पुढचे महिने आमचे जीव टांगणीलाच होते. वरचे साहेब बघून गेले, कुणी मान डोलावली, कुणी नाही. नेटाचे कपडे सैल झाले. शेवटी जोसलिन स्वतः सांगायला आली. रस्ता मागच्या पाइनच्या रानातून जाणार होता. घर राहणार होतं. मी अंगणात नाचले, गुडघे असे असूनही.

"एकच गोष्ट आहे, मिस नेटा," जोसलिन म्हणाली. "आता झाडायचं नाही. वरचा थर फार पातळ राहिलाय. त्याखाली या घराआधीच्या पहिल्या झोपडीच्या मेढींच्या खुणा आहेत. खराट्याच्या प्रत्येक फटक्याने त्यातलं थोडं थोडं जातंय. नीट खोदकाम होईपर्यंत हात लावायचा नाही."

"कधी होईल ते?"

"माणसं मिळाली की. वर्षं लागतील."

नेटाने अंगणाकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. शब्द दिला म्हणजे दिला.

पाऊस झाला आणि गवत आलं. आधी कुंपणापाशी, मग दारापर्यंत. नेटा ओसरीवर खुर्ची टाकून बसायची, मांडीवर हात मोकळे. चर्चमधून कुणी येणार असलं की नको म्हणून सांगायची. एका दुपारी मला बघवेना. "मी उपटते थोडं," म्हटलं, "कोण बघतंय?"

"नको. शब्द दिलाय."

त्या दुपारी वाटेवरून एक अनोळखी गाडी आली. रस्ता चुकलेली असावी. नेटाच्या दारापाशी जरा थांबली, आतल्या बाईने घराकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं आणि हाक न मारताच गाडी पुढे माझ्या घराकडे वळली. नेटा खुर्चीत सरसावून बसली होती, हात अर्धा वर केलेला. तो तिने खाली घेतला.

"बघितलंस, डोशा," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, इथं कुणी राहतच नाही."