बंदुकीला विचारायचं

कुणी जुनी बंदूक घेऊन आलं, की शेजारचे आजोबा आधी तिच्या रूपाकडे बघतच नसत. दस्त्यावर पितळेची फुलं असोत, नळीवर चांदीचा ड्रॅगन असो. एक लांब लाकडी गज ते नळीत हळूच सोडत. तो थांबला की नळीच्या तोंडाशी अंगठ्याने खूण धरत आणि गज बाहेर काढून नळीलाच बाहेरून लावून बघत. आतली लांबी बाहेरच्या लांबीशी जुळली तर नळी रिकामी. मगच चहा. आणणारा म्हणे, पणजोबांपासून भिंतीवर आहे हो, रिकामीच आहे. आजोबा मान हलवत आणि गज सोडतच राहत.

"बंदुकीला विचारायचं," ते म्हणत, "माणसाला नाही."

जपानात, ग्योतोकुला आम्ही भाड्याने घेतलेल्या जुन्या लाकडी घरापासून दोन घरं सोडून ते राहत. एकटेच. पुढच्या खोलीत कारखाना. तोड्याच्या बंदुका दुरुस्त करायच्या, हाच आयुष्यभराचा धंदा. या बंदुकीत तोंडाकडून दारू आणि गोळी ठासतात. बाजूला एक चिमटा असतो, त्यात जळती वात, म्हणजे तोडा, अडकवायचा. चाप ओढला की चिमटा खाली पडतो आणि कानाजवळची, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकाजवळची, दारू पेटते. अशा बंदुका इथे अजून जत्रांमध्ये उडवतात, नुसत्या दारूच्या, गोळीशिवाय. चिलखतं घातलेली निवृत्त मंडळी नदीकाठी ओळीने उभी राहून मोठा धूर करतात आणि मग बंदुका धुवायला आजोबांकडे पाठवतात. आजोबा नळीतून उकळतं पाणी ओतत, आणि गल्लीभर सडक्या अंड्यांचा वास सुटे. ज्या गल्लीत चुकीच्या दिवशी प्लास्टिकचा कचरा ठेवला तर दाराला चिठ्ठी चिकटते, तिथे या वासाबद्दल कधी कुणी ब्र काढला नाही. माणसाचा मान किती होता, ते तुम्ही यावरून ओळखा.

माझी त्यांची ओळख वासामुळेच झाली. आमच्या कोकणात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक बाळगतात. माझ्या काकांकडे होती. तो वास आला आणि मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. माझं तोडकंमोडकं जपानी ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडे दारूवर ठासायला काय वापरतात? मी काथ्या म्हणाले. काथ्या म्हणजे काय, हे मला समजावता येईना. पुढच्या खेपेला गावाहून नारळाची शेंडीच घेऊन आले. त्यांनी ती उलगडली, हुंगली, दिव्यासमोर धरली आणि दिवसभर खूष होते. मला ते 'ओकुसान' म्हणत, म्हणजे आपलं वहिनीच म्हणा. मुलगी आमची इथेच वाढलेली. ती त्यांना 'ओजीचान', म्हणजे आजोबा, म्हणे आणि त्यांच्याशी जे जपानी बोले, ते मला अर्धंच कळे.

आमच्या बैठकीच्या भिंतीवरही एक तोड्याची बंदूक होती. घरमालकांची. ते आजोबांचे शाळेपासूनचे मित्र. आम्ही राहायला यायच्या आधीच ते वारले होते आणि त्यांच्या मुलाने घर होतं तसं आम्हाला दिलं. ती बंदूक आजोबांनीच कधीतरी दुरुस्त केलेली, नवा दस्ता, नवी पितळी कमान. आमच्याकडे आले की ते तिच्याकडे बघून थोडं हसत. मित्राला नमस्कार करावा तसं.

आता सांगते त्या दिवसाचं.

खंडेनवमी आम्ही जवळचा रविवार गाठून करतो. त्या वर्षी ओजिमा भागात राहणारी दोन मराठी कुटुंबं जेवायला येणार होती. आजोबांनाही बोलावलं होतं. श्रीखंड त्यांना फार आवडे. पूजेला लॅपटॉप, विळी, ड्रिल मशीन असं मांडता मांडता माझ्या नवऱ्याला भिंतीवरची बंदूक दिसली. खरं शस्त्र घरात असताना ड्रिल मशीनची पूजा कसली, म्हणून त्याने ती उतरवून पाटावर आडवी ठेवली. मी हळदकुंकू लावलं, झेंडूची दोन फुलं वाहिली. उदबत्तीचं घर सापडेना. तेव्हा नवऱ्याने उदबत्ती अर्धी मोडली, पेटवली आणि बंदुकीच्या वर उचललेल्या चिमट्यात खोचली. अगदी तोड्यासारखी बसली. सगळे हसले. एकाने फोटो काढला. मुलगी पाटाच्या एका टोकाशी मांडी घालून बसली होती.

दार उघडंच होतं. आजोबा आले, हातात मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांचा, डबा. उंबऱ्याशी वाकून बूट काढायला लागले आणि वर बघितलं.

बूट घातलेला जपानी माणूस घराच्या चटईवर मी तोवर कधी पाहिला नव्हता. ते बुटांसकट आत धावले. डबा खाली पडला. मुलीला खांद्याने बाजूला ढकलून त्यांनी जळती उदबत्ती उघड्या चिमटीत पकडून विझवली. मुलगी रडायला लागली. आम्ही सगळे जिथल्या तिथे. कुणाला काही कळेना.

त्यांनी बंदूक उचलून तोंड खिडकीबाहेरच्या मातीकडे केलं. नळीखालच्या खोबणीतला गज काढून नळीत सोडला, अंगठ्याने धरला, बाहेरून लावून पाहिला. वीतभर कमी भरला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा तेवढाच.

"भरलेली आहे," ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याने पाटाकडे बघितलं. त्या नळीसमोर आमची मुलगी बसली होती.

मी विचारलं, उडाली असती का? ते म्हणाले, "कदाचित नसती. कान गंजलेला असेल." मग एकच शब्द पुन्हा म्हणाले, "कदाचित."

जेवायला कुणी बसलं नाही. त्यांनी स्वतःच चौकीवरच्या पोलिसाला बोलावलं. त्याच्या देखत अंगणात नळीत पाणी भरून ठेवलं आणि दारू पुरती भिजल्यावर गजाला पेचाचं टोक लावून गोळी ओढून काढली. राखाडी, सुपारीएवढी. शंभर वर्षं ती कुणाची वाट बघत होती, कोण जाणे.

त्यानंतर ते आत आले, या वेळी बूट काढून, आणि मुलीसमोर गुडघ्यांवर बसून त्यांनी कपाळ चटईला टेकवलं. एवढा म्हातारा माणूस, शाळकरी पोरीसमोर. उठेचनात. मी त्यांना दंडाला धरून उठवायला गेले, तरी नाही. मुलगीच शेवटी जपानीत म्हणाली, काही नाही झालं, ओजीचान, उठा ना.

मला कळत नव्हतं की यात त्यांचा काय दोष. बंदूक मालकांची, मूर्खपणा आमचा. ते नंतर, चहा पुढे ठेवल्यावर, कळलं.

"दुरुस्तीला आणली तेव्हा तो म्हणाला, मी बघितलंय, रिकामी आहे," आजोबा म्हणाले. "मित्र होता. मी त्यालाच विचारलं. बंदुकीला विचारलं नाही."

चहा तसाच राहिला.

कारखाना त्यांनी बंद केला. जत्रेतली मंडळी विनवून गेली. पण आजोबा घरी थांबलेच नाहीत. आजवर हाताखालून गेलेली प्रत्येक बंदूक ते पुन्हा तपासायला निघाले. कुठल्या देवळात कुठली आहे, कुणाच्या घरी कुठल्या भिंतीवर, सगळं त्यांच्या डोक्यात. हिवाळाभर मी त्यांना स्टेशनकडे जाताना बघत होते, खांद्यावर कापडी पिशवीत गुंडाळलेला गज. परत येत तेव्हा चेहरा पांढरा. मी विचारी, ते म्हणत, रिकामी होती. दर वेळी मला वाटे, आता यांना झोप लागेल.

वसंतात शेवटची बंदूक तपासून आले. एकही भरलेली निघाली नाही. मी म्हणाले, बघा, तुमचं काम चोख होतं. आता उघडा कारखाना.

"म्हणजे चूक एकच केली," ते म्हणाले, "आणि ती तुमच्या भिंतीवर."

पुढे उन्हाळ्यात ते उत्तरेकडे बहिणीच्या गावी राहायला गेले. निघायच्या दिवशी मी स्टेशनपर्यंत गेले. ते फलाटावरच्या बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. गाडी आली तशी त्यांची पिशवी उचलायला मी खाली वाकले आणि माझी नजर त्यांच्या हातांवर पडली. त्यांच्या नखांत मी नेहमी तेल आणि काजळी बघितलेली. आता नखं पांढरीस्वच्छ, गुलाबी, बाळाची असावीत तशी. मला दचकायला झालं. क्षणभर वाटलं, हे भलत्याच कुणाचे तरी हात आहेत.

त्यांनी ते खिशात घातले आणि गाडीत चढले.