चार बोटं समुद्र

मास्तरांच्या खोलीतले किस्से म्हणजे खडूची भुकटी. कितीही झाडा, साचतेच. आमच्या मंगरूळपीरच्या शाळेतले निम्मे किस्से लढाईच्या दिवसांतले. आज हसून सांगतो, तेव्हा मात्र आमची पाचावर धारण बसली होती.

*

रंगून जपान्यानं घेतल्याची बातमी आली. भूगोलाचे खोडके गुरुजी म्हणाले, "भेऊन काय होते? हिशोब करू." भिंतीवर आशियाचा नकाशा होता. तो मधोमध फाटला होता आणि सीताराम शिपायानं नुकताच खळ लावून जोडला होता. गुरुजींनी रंगूनच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत दोरा धरला, मग तो खालच्या मैलांच्या पट्टीवर ठेवला आणि घाईघाईनं खिशात कोंबला.

"किती भरलं?" मी विचारलं.

"जेवून येऊन सांगतो."

जेवायला गेले ते दुसऱ्या दिवशीच उगवले!

*

दुसऱ्या दिवशी सुतळीनं मोजलं. तेवढंच. ड्रॉइंगचा मास्तर म्हणून मी फूटपट्टी लावली. तेवढंच. विमान सकाळी चहा घेऊन निघालं तर मधल्या सुट्टीच्या आत नागपुरावर, आणि नागपूर ते आपण काय लांब? त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही, खोटं कशाला बोलू.

*

हेडमास्तरांनी शाळेमागे खंदक खणवला. एका दुपारी घरघर ऐकू आली आणि आम्ही सगळे धडाधड आत पडलो. आवाज कापसाच्या जिनातल्या इंजिनाचा होता. हेडमास्तर सगळ्यात खाली. तिथून म्हणाले, "आधी हजेरी घ्या."

*

सीताराम तेवढा भीत नव्हता. मोजणी सुरू झाली की झाडू घेऊन दारात उभा.

"किती भरलं, गुरुजी?"

"कमीच."

हे ऐकलं की याचा चेहरा खुलायचा. मी एकदा चिडलोच. "आमी मरून राह्यलो अन् तुले हसू येते?" तो पुन्हा झाडायला लागला.

त्याचा पोरगा नामदेव रंगूनच्या विमानतळावर खलाशी, म्हणजे मजूर, होता. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, साहेब विमानात जागा देतो म्हणते. ते पत्र खोडके गुरुजींनीच वाचून दाखवलं, नकाशावर बोट ठेवून: हे रंगून, हे नागपूर, मंधात हे पानी. त्यानंतर पत्र नाही. हे आम्हाला ठाऊक होतं. स्वतःच्या भीतीत कुणाला आठवलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

*

मग हेडमास्तर पेपर घेऊन आले. "अंदमानही गेलं." आम्ही नकाशाकडे धावलो. वर पाहिलं, खाली पाहिलं, अंदमान कुठंच नाही.

हेडमास्तर पुटपुटले, "नकाशातूनही नेलं काय?"

खोडके गुरुजींनी समुद्रावरून हात फिरवला. जोडाजवळ कागद जाड लागला. नखानं कड उचलली, तर आत चार बोटं समुद्र दडपलेला, आणि त्यात अंदमान.

"सीताराम!" हेडमास्तर ओरडले. "गावाचा जीव टांगणीले लावला तू. फाटलं होतं तेवढंच जोडाचं होतं. चार बोटं वर काहून चढवलं?"

सीतारामनं झाडू भिंतीला टेकवला.

"साहेब, विमानात तेल मोजूनच घालतेत म्हने. मंधात पानी लय होतं. थोडं कमी केलं."

खोडके गुरुजींनी सुटलेली कड अंगठ्यानं दाबून धरली.

"खळ उरली असंन तर आन जराशी," ते म्हणाले.