हे फक्त बाहेरच होतं का?

नाथन आपटेकर बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. एप्रिलमध्ये परीक्षांच्या दिवसांत आम्ही शिक्षक उत्तरपत्रिकांनी वारा घेत बसायचो, तेव्हाही त्यांच्या मनगटांची बटणं लावलेली असायची. ते आमच्या जुन्या पनवेलमधल्या शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक होते आणि मी इतिहास शिकवते. सुरुवातीला मला वाटायचं, माणूस टापटीप असेल. पुढे कळलं की त्यांच्या कोपरांवर, पाठीवर आणि केसांतून कानामागपर्यंत सोरायसिसचे लालसर चट्टे होते. त्यांवरून चंदेरी पापुद्रे सुटायचे. वीस वर्षं हा माणूस ते झाकत आला होता.

बाकी झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. कुठलीही गोष्ट उघडून बघायची त्यांना भारी हौस. शाळेची घंटा बिघडली तर इलेक्ट्रिशियन येण्याआधी आपटेकर स्टुलावर चढलेले असायचे. दुरुस्त व्हायचीच असं नाही, पण ती का बिघडली ते त्यांना कळलेलं असायचं.

आपटेकर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचा धाकटा भाऊ यायर इस्राएलमध्ये असतो. तो दरवर्षी मृत समुद्राचं मीठ पाठवायचा आणि ते पाण्यात घालून आपटेकर आंघोळ करायचे. आमचा शिपाई भगवान मिठागरवाल्या घरातला. त्याला हे अजिबात पटायचं नाही.

"आमच्या आगरातला मीठ काय वाईट हाय?" तो म्हणायचा. "इमानातून आलेला मीठ लागतंय तुमाला."

दोन वर्षांपूर्वी एका पालकाने अर्ज दिला. प्रात्यक्षिकाच्या वेळी परीक्षानळी देताना आपटेकरांची बाही वर सरकली होती आणि मुलाने चट्टा पाहिला होता. 'संसर्गजन्य रोग असलेल्या व्यक्तीस प्रयोगशाळेत ठेवू नये,' असं अर्जात लिहिलं होतं. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, पण घाबरल्या. त्यांनी आपटेकरांना रबरी हातमोजे घालायला सांगितले.

ते त्यांनी मधल्या सुट्टीपर्यंत घातले. मग काढून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, मला नववीचा एक तास द्या. त्यानंतरही घाला म्हणालात तर घालतो."

काही वेडंवाकडं व्हायला नको म्हणून मला मागच्या बाकावर बसवलं होतं. त्यामुळे तो तास मी पाहिला. आपटेकरांनी दोन्ही बाह्या कोपरांच्या वर दुमडल्या.

"याला सोरायसिस म्हणतात," ते म्हणाले. "शिवल्याने होत नाही. रोगजंतूंशी लढणारी जी शरीराची फौज असते, ती चुकून आपल्याच माणसांवर उठते. तुमच्या कातडीची पेशी तळातून वर यायला महिनाभर घेते, माझी चार-पाच दिवसांत येते. मग ती साचते, असे पापुद्रे होतात. आता काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहा. नाव लिहू नका."

चिठ्ठ्या त्यांनी एका मोठ्या चंचुपात्रात गोळा केल्या आणि एकेक वाचून उत्तर दिलं. खाजतं का? हो, थंडीत जास्त. माशासारखी खवलं का येतात? ते सांगून झालंय, पुन्हा सांगतो. तुमचं लग्न कसं झालं? यावर वर्ग खदखदून हसला. "जोकबेदला विचारून सांगतो, मलाही नक्की माहीत नाही," आपटेकर म्हणाले.

मग त्यांनी एक चिठ्ठी उघडली. लिहिलं होतं, 'सर, हे फक्त बाहेरच होतं, की आतही?'

"हे मला माहीत नाही," ते म्हणाले. चिठ्ठी खिशात ठेवली. "विचारून येतो."

हातमोज्यांचा विषय तिथेच संपला. चिठ्ठी मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. सांध्यांना होतं हे त्यांनी ऐकलं होतं. पण त्याच्याही आत? शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून ते कामोठ्याला त्वचेच्या डॉक्टर प्राचींच्या दवाखान्यात गेले. त्याच्या तीन वर्षं आधी ते तिथे एकदाच गेले होते. नंतर जुना कागद दाखवून दुकानातून मलम आणायचे, एवढंच. पुढचं सगळं त्यांनीच आम्हाला शिक्षक-खोलीत सांगितलं, एखादा प्रयोग सांगावा तसं.

डॉक्टर प्राचींनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"काका, हे कोणी विचारलं?"

"नववीतल्या कोणीतरी."

"अकरा वर्षांत माझ्या एकाही पेशंटने विचारलं नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "होतं. आतही होतं. कातडीवर जी लाली दिसते ना, तो दाह आहे. तो पेटवणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही त्यातून सुटत नाही. तिथे दाह राहिला की चरबी साचायला सोपं जातं. म्हणून ज्यांचा सोरायसिस जास्त पसरलेला आहे, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं. सगळ्यांना होतो असं नाही. पण बघायला हवं."

असं म्हणून त्यांनी रक्तदाब मोजला, टेपने पोटाचा घेर मोजला. त्वचेच्या डॉक्टरने पोट मोजावं याची आपटेकरांना फार मौज वाटली. मग डॉक्टरांनी वडिलांबद्दल विचारलं.

वडील रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. छप्पन्नाव्या वर्षी खुर्चीतच गेले, हार्ट अटॅकने. आणि त्यांचे कोपर? ते तर लहानपणी दोघे भाऊ चिडवायचे, बाबांच्या कोपरांना शहाबादी फरशी लावलीय म्हणून.

"बघा," आपटेकर आम्हाला म्हणाले, "दोन्ही गोष्टी मला इतकी वर्षं माहीत होत्या. पण एका ओळीत कधी लिहिल्याच नव्हत्या."

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "जिना चढताना काही होतं?"

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. बाटल्यांचा खोका घेऊन चढताना गेले दोन महिने छातीवर कोणी हात दाबून धरल्यासारखं व्हायचं. जबडाही ओढायचा. आपटेकर त्याला पित्त म्हणायचे आणि आलेपाकाची वडी चघळायचे.

डॉक्टर प्राचींनी पेन खाली ठेवलं. "हृदयाच्या डॉक्टरांकडे आजच जायचं. उद्या नाही."

ते घरी आले तेव्हा जोकबेदवहिनी शब्बाथची, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसाची, तयारी करत होत्या. आपटेकर म्हणाले, शनिवार संपला की जातो. वहिनींनी गॅस बंद केला.

"जिवासाठी शब्बाथ मोडला तर चालतो, हे मी तुम्हाला सांगायचं का? चपला घाला."

साध्या ईसीजीत काही सापडलं नाही. ट्रेडमिलवर मात्र चौथ्या मिनिटाला डॉक्टरांनी पट्टा थांबवला. अँजिओग्राफीत कळलं की हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी पंचाऐंशी टक्के बंद आहे. रविवारी तिथे स्टेंट बसला.

मी भेटायला गेले तेव्हा वाटलं होतं, माणूस हादरलेला असेल. वहिनी हादरल्या होत्या. आपटेकर म्हणाले, "मनगटातून नळी घालतात हो! मला वाटायचं छाती उघडतात." मग आवाज उतरला. "बाबांच्या वेळी कोणी विचारलं असतं तर."

हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना एक गोष्ट बजावली होती. सगळं खापर कातडीवर फोडू नका. कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, साखर सीमेवर आहे, वडिलांचा इतिहास आहे. सोरायसिस त्यातला एक भिडू.

महिन्याभराने आपटेकर शाळेत आले. पाठीवरचे चट्टे एकाएकी वाढले होते, पोटावरही नवे उठले होते. दुसरा कोणी वैतागला असता. यांनी वही काढली. कुठलं औषध कधी सुरू झालं, चट्टा कधी दिसला, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. वही घेऊन ते कामोठ्याला गेले. डॉक्टर प्राचींनी एका गोळीवर बोट ठेवलं. हृदयाचे ठोके मंद ठेवणारी ती गोळी काहींचा सोरायसिस भडकवते. पण ती आपल्या मनाने बंद करायची नाही, असं सांगून त्यांनी तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी बदलली. सोरायसिससाठी पोटातून घ्यायचं औषध सुरू झालं, त्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं ठरलं. दोनेक महिन्यांत पाठ बरीच निवळली.

"रस्ता दोन्हीकडून वाहतो," ते मला म्हणाले. "कातडीकडून हृदयाकडे, आणि हृदयाच्या गोळीकडून कातडीकडे." कित्येक दिवस याच आनंदात होते.

मग त्यांनी भगवानला धरलं. भगवानच्या नडग्यांवरही तसेच चट्टे आहेत हे शाळेत फक्त आपटेकरांनाच माहीत होतं. तो आठवडाभर टाळत राहिला. अखेर त्याची बायको मालू हिनेच त्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं ठीक. वर्षाने पुन्हा या, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भगवान प्रयोगशाळेच्या दारात उभा. "फुकट घाबरवलात ना मना! मना काय पन नाय झाला."

"नाही झालं हे कळलं ना?"

"ता मना पयलेच म्हायती होता," भगवान म्हणाला आणि पाण्याची कळशी ठेवून गेला. पण त्या दिवसापासून त्याने तंबाखू सोडली, ती अजून सुटलेलीच आहे. मालूने मला हे परवाच सांगितलं.

आपटेकरांचा एक प्रश्न मात्र उरला. कातडी शांत ठेवली तर हृदयही वाचतं का? डॉक्टर प्राची म्हणाल्या, "तसं वाटतं. काही ठिकाणी तसं दिसलंयही. पण ठामपणे अजून सांगता येत नाही. त्यावर काम चालू आहे."

"अजून कोणालाच माहीत नाही?" हे आम्हाला सांगताना त्यांचा खुललेला चेहरा बघण्यासारखा होता.

मुंबईतल्या एका रुग्णालयात असाच अभ्यास चालू होता. डॉक्टरांनी त्यांचं नाव सुचवलं आणि मागच्या महिन्यात ते जाऊन आले. सोनोग्राफीने मानेतली रक्तवाहिनी तपासली. आपटेकरांनी मान वळवून पडदा बघण्याचा इतका हट्ट धरला की शेवटी तिथल्या बाईंनी पडदाच त्यांच्याकडे फिरवला. सोमवारी शिक्षक-खोलीत त्यांनी बाही वर करून फळ्यावर ती नळी काढून दाखवली. एक भिंत, दुसरी भिंत, मध्ये रक्त.

"आणि हलते हो," ते म्हणाले. "दर ठोक्याला फुगते, बसते. जिवंत मासळीचा कल्ला उघडमीट करतो ना, अगदी तशी. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. बाई म्हणाल्या, काका, बाहेर अजून सहा जण थांबलेत."