मोहनरावांची झाडं आणि नलिनीताईंची रायफल

नीलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभी होते. नील हा नलिनीताईंचा मुलगा. लंडनजवळ मेडनहेडला असतो, जन्म इकडचाच, ब्रिटनमधला, त्यामुळे मराठी आईशी बोलण्यापुरतं. "अनघाताई," तो म्हणाला, "आई सकाळी गेला." एरवी तो असा चुकला की नलिनीताई त्याचं वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करायच्या आणि तो निमूटपणे पुन्हा म्हणायचा. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं... मी तिथेच उभी होते.

त्या आजारी होत्या, जाणार हे ठाऊक होतं. तरी महिना होऊन गेल्यावर आता कुठे लिहायला बसवतंय. ग्लासगोच्या मराठी ग्रुपवर त्यांच्याबद्दल बरंच लिहून आलं. किती वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होत्या, अडल्यानडल्याला कशा धावून जायच्या, नवीन आलेल्या मुलांना पहिल्या हिवाळ्यात कसे जाड कोट नेऊन द्यायच्या. सगळं खरं आहे. पण मला ज्या नलिनीताई आठवतात त्या स्कॉटलंडच्या आर्गाइल भागातल्या एका डोंगरउतारावर चिखलात पालथ्या पडलेल्या आहेत, रायफल गालाशी धरलेली आहे, आणि समोरच्या हरणाला ऐकू जाऊ नये म्हणून ओठांतल्या ओठांत म्हणतायत, "अनघा, पोटरीत गोळा आलाय गं माझ्या..."

मी कंपनीच्या बदलीवर नागपूरहून नुकतीच ग्लासगोला आले होते. सोमवार ते शुक्रवार कसेबसे जायचे. शनिवार-रविवार अंगावर यायचे. मराठी मंडळाच्या एका जेवणात माझ्या समोर जेमतेम पाच फुटांच्या, पांढऱ्या बॉबकटच्या एक बाई बसल्या होत्या. भाताचं भांडं पुढे सरकवता सरकवता त्यांनी अख्ख्या टेबलाला विचारलं, "मी हरणं मारायला शिकणार आहे. पुढच्या शनिवारपासून क्लास आहे. कोण येतंय माझ्याबरोबर?" सगळे हसले. एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्यापेक्षा बागकाम करा ना, ताई. मन रमेल."

"बागकामच आहे ते," नलिनीताई म्हणाल्या.

आणि ते खरंच होतं. त्यांचे यजमान मोहनराव इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर दोघांनी आर्गाइलमध्ये एक उजाड उतार आणि त्यावरची दोन खोल्यांची कॉटेज घेतली. मोहनरावांना तिथे जंगल उभं करायचं होतं. ओक, बर्च, रोवन अशी इथलीच झाडं त्यांनी स्वतःच्या हातांनी लावली, आणि मग एका थंडीत ते अचानक गेले. नलिनीताई पुढचे काही महिने तिकडे फिरकल्याच नाहीत. वसंतात गेल्या तेव्हा रोपांचे शेंडे हरणांनी खाऊन टाकलेले होते. जे काही उरलं होतं ते गुडघ्याएवढंच. कुंपण घातलं, ते पहिल्याच वादळात आडवं झालं. शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलं की इथे हरणांना खाणारं जनावरच आता उरलेलं नाही, त्यामुळे त्यांची संख्या माणसालाच आवरावी लागते. तुम्ही म्हणाल तर कुणाला तरी पाठवतो. नलिनीताई नको म्हणाल्या. "माझ्यासाठी दुसऱ्याने जाऊन मारायचं आणि मी आत बसून चहा प्यायचा, हे मला जमणार नाही," असं त्यांनी मला पहिल्या दिवशी गाडीत सांगितलं. वय तेव्हा साठीच्या पुढे. आयुष्यात कधी छर्ऱ्याची बंदूकसुद्धा हातात धरलेली नव्हती.

मी का गेले? खरं सांगायचं तर रिकाम्या शनिवाराला घाबरून गेले. आमच्याकडे नागपूरला अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर उकडलं जायचं. आईला मी सांगितलं की एका डॉक्टर बाईंबरोबर डोंगरात फिरायला जाते.

क्लास डगी नावाचा एक माजी वनअधिकारी घ्यायचा. बाकी सगळी हिरव्या कपड्यांतली तरुण मुलं, आणि आम्ही दोघी. नलिनीताई चकचकीत निळं जॅकेट घालून आल्या होत्या. डगी म्हणाला, "डॉक्टर, हरणांना लाल-केशरी फारसं कळत नाही. निळं मात्र अगदी छान दिसतं." त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की तिथे एखादं हरीण असतंच तर तेवढ्यानेच पळालं असतं. त्या दिवशी रायफल हातात मिळालीच नाही. दिवसभर एकच गोष्ट घोटून घेतली: हरणाच्या मागे काय आहे ते आधी बघा. मागे माती असेल, डोंगर असेल, तरच गोळी. मागे आभाळ असेल तर हरीण कितीही सुंदर उभं असो, बोट ट्रिगरपासून लांब.

रेंजवर मात्र ताईंची पंचाईत झाली. आवाजाच्या धास्तीने त्या ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटायच्या आणि गोळी भलतीकडे जायची. डगीने त्यांच्या नकळत एकदा नकली काडतूस भरलं. ताईंनी नेम धरला, ट्रिगर दाबला, नुसतंच 'टक्' झालं, आणि तरीही त्या दचकून अख्ख्या उडाल्या. सगळ्यांना हसू फुटलं, त्यांना सगळ्यांत जास्त. मग चटईवर पालथ्या पडल्या पडल्याच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतक्या बायकांना बाळंतपणात श्वास घ्यायला शिकवलं, अनघा. आणि मीच विसरले!" त्यानंतर श्वास सोडत, सोडत, अर्ध्यावर थांबून त्यांनी जी गोळी मारली ती कागदावर बरोबर मध्ये होती.

रायफलच्या लायसन्ससाठी पोलीस अधिकारी ताईंच्या घरी आला तेव्हा धीराला म्हणून मी हजर होते. जिन्याखालच्या कपाटात, मसाल्याच्या डब्यांच्या मागे, भिंतीत पक्की केलेली लोखंडी पेटी त्याने हलवून पाहिली. किल्ली कुठे असते हे आणखी कुणाला माहीत आहे, असं विचारलं. "माझ्या मुलालाही नाही," ताई म्हणाल्या. रायफल कशासाठी हवी, यावर ताईंनी, हरणांनी खाल्लेल्या रोपांचे फोटो एकामागून एक असे काही दाखवले की शेवटी त्याने हात वर केले. जाताना पोह्यांची दुसरी प्लेट संपवून गेला.

लोकांना वाटतं की गेलं, दिसलं, मारलं. आम्ही हिवाळाभर नुसत्या भिजलो. वारा बघायला ताई बेबी पावडरची लहान बाटली बाळगायच्या. दाबली की पांढरा ढग ज्या दिशेने जाईल तिकडे जायचं नाही, कारण हरणाला आपला वास आधी लागतो. तरीही कधी पायाखाली काटकी मोडायची, कधी माझ्या खिशात फोन थरथरायचा, आणि लांबवर पांढरी ढुंगणं उडत जाताना दिसायची. डगी नुसता थर्मास उघडायचा.

ताईंचं पहिलं हरीण एक तरुण मादी होती. रो जातीची, मोठ्या शेळीएवढी. पहाटेचं धुकं उठत होतं, मागे डोंगर होता, सगळं जुळून आलं होतं. गोळी सुटली आणि ती उभी होती तिथेच खाली बसली. ताईंनी रायफल रिकामी केली, डगीच्या हातात दिली, आणि ओल्या गवतात फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "मोहन घरातला उंदीर पिंजऱ्यात धरून गाडीने पार्कात सोडून यायचा. त्याने झाडं जाऊ दिली असती गं. हे केलं नसतं."

"मग तुम्ही का...?" मी विचारलं.

"तो नाहीये म्हणून. झाडंच आहेत आता."

'शिकार' हा शब्द त्यांना आवडायचा नाही. राजेमहाराजांचे भिंतीवरचे फोटो आठवतात, म्हणायच्या. विचारलंच कुणी तर "हरणाला गेले होते," एवढंच सांगायच्या. जसं कुणी भाजीला जाऊन आलं.

माझी पाळी वर्षभराने आली. त्यांचीच रायफल, त्या माझ्या शेजारी. गोळी सुटली, आणि माझी मादी पडली नाही. तिने मोठी झेप घेतली आणि समोरच्या स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांच्या, दाटीत नाहीशी झाली. आपण तिला नुसतं जखमी केलं, ती आत कुठेतरी तडफडत असणार... मी धावायला निघाले, तर ताईंनी माझी बाही धरून खाली बसवलं. "आत्ता मागे लागलीस तर आणखी लांब जाईल. चहा घे." थोड्या वेळाने आम्ही ती उभी होती तिथे गेलो. नेचाच्या तपकिरी पानांवर गुलाबी फेस होता. ताईंनी वाकून पाहिलं. "फेस म्हणजे फुप्फुस. गोळी बरोबर लागली आहे. लांब गेलेली नसणार."

तेवढ्यात पाऊस आला आणि पानांवरचा माग धुऊन जायला लागला. स्प्रूसच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबत होत्या. आत रांगतच जावं लागत होतं. मी दोनदा म्हटलं, ताई, अंधार पडेल, तुमचे गुडघे... त्यांनी ऐकलंच नाही. "ती सापडल्याशिवाय आपण घरी जायचं नाही," म्हणाल्या आणि माझ्यापुढे हातांवर-गुडघ्यांवर सरपटत राहिल्या. उजेड अगदी संपत आला तेव्हा त्यांची हाक आली. मादी एका बुंध्याशी पडली होती. जिथून आम्ही आत शिरलो तिथून फार लांब नव्हतीच. आम्ही भलत्याच बाजूला शोधत होतो. ताईंनी माझा हात धरून तिच्या बरगडीवर ठेवला. अजून ऊब होती. "इथून आत गेली बघ गोळी. दोन-चार उड्या मारल्या, तेवढंच. तिला फार काही कळलं नाही गं. रड आता." आणि मी रडले, अगदी हुंदके देऊन. त्या बाजूला बसून माझ्या केसांतल्या स्प्रूसच्या सुया काढत राहिल्या. मग बाह्या वर करून मला, मेडिकलच्या विद्यार्थिनीला शिकवावं तसं, पोट कसं उघडायचं, आतडी न फोडता कशी काढायची, यकृतावर काय बघायचं, ते सगळं शिकवलं.

त्या मांसाचं ताई मालवणी मसाल्यातलं सुकं करायच्या. खोबरं भाजल्याचा वास कॉटेजबाहेर गेटपर्यंत यायचा. ग्लासगोत घरोघरी डबे जायचे. काही घरांनी नम्रपणे नको म्हटलं, एका बाईंनी बोलणंच सोडलं. ताईंनी मनावर घेतलं नाही. त्या बाईंकडे भरल्या वांग्यांचा डबा जाऊ लागला. बोलणं पुन्हा सुरू झालं.

शेवटची भेट हॉस्पिसमध्ये झाली. उशीला टेकून बसल्या होत्या, फार बारीक झाल्या होत्या. मी सांगितलं, परवा ओढ्यापाशी एक मादी दिसली.

"वारा कुठून होता?"

"तिच्याकडून माझ्याकडे."

"शहाणी आहेस." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "यंदा कमी मारा. डगीलाही सांग. झाडं आता हरणांच्या तोंडाच्या वर गेली आहेत. आता त्यांनाही राहू दे थोडं."

गेल्या शनिवारी नील आला होता. आम्ही दोघं आर्गाइलला, वर झाडांपाशी गेलो. बर्च त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर आहेत, ओक अजून रेंगाळतायत. जमीन विकायची नाही असं त्याने गाडीतच सांगून टाकलं. संध्याकाळी मी आणि डगीने एक मादी आणली. कॉटेजच्या मागे एक खोली आहे, पांढरा रंग दिलेली, हरीण टांगून साफ करण्याची. तिथली हूक लावायची लोखंडी दांडी, टेबल, सिंक, सगळं नलिनीताईंनी आपल्या उंचीला बसवून घेतलं होतं. त्या दांडीखाली ताठ उभ्या राहून काम करायच्या आणि आम्ही बाकीचे सगळे वाकून. सवयीप्रमाणे वळताना ती दांडी माझ्या कपाळावर खाडकन बसली. नील धावत आला, दांडीखाली वाकून उभा राहिला आणि स्क्रू चाचपत म्हणाला, "हे वर घेऊ या का? सोपं आहे."

मी कपाळ चोळत होते. डगीने टोपी काढून टक्कल दाखवलं; तिथे एक जुना व्रण होता.

"राहू दे," मी म्हटलं. "जिथे आहे तिथेच राहू दे."