पेअरच्या बागेत मंडळ

“दाबू नका! अहो जोशीकाकू, दाबू नका म्हणतो ना!” शिडीवरून आमचे काका असे ओरडले की दोन शेतांपलीकडची घोडी दावं तोडून पळाली म्हणतात.

एवढा हट्टी माणूस अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांमध्ये दुसरा सापडायचा नाही. उभा जन्म बेलव्ह्यू शहरातल्या हॉस्पिटलात लोकांची हृदयं शिवली, आणि रिटायर झाल्यावर चारचौघांसारखं क्रूझवर जायचं सोडून डोंगरापलीकडे पेअरची बाग घेतली. वाऱ्याने फांदी चिरली तर हा गृहस्थ तिला टाके घालायचा आणि दुसऱ्या दिवशी राउंडला जायचा. “पेशंट स्टेबल आहे,” असं काकांनी शहरातल्या घरी फोनवर सांगितलं, तर आमच्या काकू म्हणाल्या, “मग डॉक्टरला डिस्चार्ज द्या आणि घरी पाठवा.”

यंदा मात्र ऐन तोडणीच्या तोंडावर सगळं खोरं ओस पडलं. मेक्सिकोहून आलेली कामकरी कुटुंबं, कुणी मायदेशी परतलं, कुणी शहरात बारमाही काम धरलं. काकांची बाग सांभाळणारी रोझाही पोराबाळांसकट गेली. आठवडाभरात फळ उतरलं नाही तर वर्ष मातीत! पण डगमगतील ते काका कसले? “आपलं मराठी मंडळ आहे की, यार!”

मंडळ आलं. आधी अध्यक्षांनी नारळ फोडला, मग उपाध्यक्ष रुसले म्हणून दुसरा फोडला, मग पोहे. त्यानंतर जो तो झाडाशी जाऊन फळ अंगठ्याने दाबी, हुंगे, “कच्चं आहे हो,” म्हणे आणि पुढच्या फळाकडे वळे. पेअर कडक असतानाच उतरवायचा असतो, हे सांगून सांगून काकांचा घसा बसला. पण पिढ्यान्‌पिढ्या मंडईत तयार झालेला अंगठा कुणाचं ऐकतो? संध्याकाळपर्यंत बागेत न दाबलेलं एकच फळ उरलं, तेही शेंड्यावर होतं म्हणून. पॅकिंगवाल्याने पेटी उघडली, फळाफळावरचे अंगठ्याचे ठसे पाहिले आणि विचारलं, “डॉक्टर, यांना व्हिसा काढायचाय का?” सगळा माल परत!

“मुरंबा छान होईल हं,” म्हणत जोशीकाकू गाडीत बसल्या. मंडळ पांगलं. काका एका रिकाम्या पेटीवर बसून राहिले. मग त्यांनी रोझाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“रोझा, पुढच्या सीझनला तरी या सगळे. तुमचं घर तसंच ठेवलंय. पोरांचा झोपाळासुद्धा काढला नाही.”

पलीकडे कुठल्याशा यंत्राची घरघर ऐकू येत होती.

“पोरांची नावं इकडच्या शाळेत घातली, डॉक्टर,” ती म्हणाली.