दोन प्लग, तेच तीन रंग

भोसरीतल्या त्या वायरिंगवाल्या चाचांचं नाव मी विचारलंच नाही. इंजिनाचं काम झाल्यावर माझी डब्यांची व्हॅन सुरू होईना, आणि निघोज्याच्या कंपनीत जेवणाची सुट्टी एक वाजता. क्रँक आणि कॅम या इंजिनावरच्या दोन सेन्सरचे प्लग काढताना मी तारांचे रंग यादीत लिहिले होते. ती यादी चाचांपुढे केली. दोन्ही प्लग सारखेच, दोन्हींना तेच तीन रंग! चाचांनी यादी वाचली, घडी घालून अदबीनं परत दिली. स्क्रूड्रायव्हर दातांत धरून त्यांनी प्लगांची अदलाबदल केली. व्हॅन सुरू झाली.

"चाचा, कशावरून ओळखलंत?"

"आधी सुरू होत नव्हती ना, ताई?"

डबे वेळेत पोचले. यादीत आता काय लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही.